पुलासमोर बत्ती गेली

नागपूर

आमच्या सासरी पाण्याशी संबंध आला तो सूत रंगवण्यापुरता. गोळीबार चौकाजवळचं घर, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या जागेत आम्ही सगळे. सासरे अजूनही नऊवारी लुगडी विणतात. त्यांचा धाकटा मुलगा वसंत, म्हणजे माझा नवरा, मागावर बसला नाही. त्याला लहानपणापासून विजेचं वेड. शिकत शिकत, परीक्षा देत देत तो थेट मालवाहू जहाजावर विजेचा अधिकारी झाला. जहाजावर या माणसाला खलाशी ‘बत्तीसाहेब’ म्हणतात. लग्न झाल्यापासून मी वसंतला जितकं पाहिलं, त्याहून जास्त त्याने पाठवलेली रंगीत कार्डं पाहिली होती.

त्या वर्षी कंपनीने अधिकाऱ्यांच्या बायकांना एका सफरीवर सोबत न्यायला परवानगी दिली. वसंतने घरात हे सांगितलं आणि सासूबाईंनी तांदूळ निवडायचं थांबवलं.

“काहून जाऊन राहिली वं तू? समुद्रात पाहाले काय असते? पाणीच ना!”

मागावरून सासऱ्यांचा आवाज आला. “जाऊ दे तिले. आपल्या घरातलं कोनी तरी पाह्यलं पाह्यजे, हा पोट्टा तिथं करते काय ते.”

झालं, परवानगी मिळाली. माझे वडील नरखेडकडचे, संत्र्याचे बागाईतदार. दिवाळी आटोपली होती आणि बागेत तोडणी सुरू होती. ते स्टेशनवर आले तेच संत्र्याची लाकडी पेटी खांद्यावर घेऊन. लेक सासरी निघाल्यासारखे रडले आणि गाडी हलली तेव्हा खिडकीत तोंड घालून म्हणाले, “पेटी उन्हात नको ठेवजो.” एवढाच उपदेश. सासूबाईंनी सावजी मसाल्याचा डबा दिला होता, तो मी मांडीवरच ठेवला होता.

खिदिरपूरची गोदी

कलकत्त्याच्या गोदीत मी पहिल्यांदा जहाज पाहिलं आणि मला ते जहाज वाटलंच नाही. मला वाटलं, एखाद्या गिरणीची भिंत आहे, जरा गंजलेली. वसंत म्हणाला, “हेच आपलं.” भिंतीला लावलेल्या हलत्या शिडीवरून नऊवारी सावरत चढायचं कसं, हा प्रश्न मी रात्रभर गाडीत सोडवत आले होते. म्हणून पाचवारी नेसले होते. तरी अर्ध्या शिडीवर चप्पल निसटली आणि खाली हुगळीच्या पाण्यात गेली. वर उभे असलेले खलाशी हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. एक चप्पल हातात आणि एक पाय अनवाणी, असा माझा गृहप्रवेश झाला.

कॅप्टनसाहेब पंजाबी, दाढी पांढरी, आवाज ढोलासारखा. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेटी, समुंदर ने अपना टैक्स ले लिया. अब सफर अच्छा होगा.”

जहाजात तागाच्या गोण्या भरल्या होत्या. त्या ऑस्ट्रेलियात उतरवायच्या आणि तिथून गहू भरून आणायचा. गहू जिथे भरायचा ते बंदर एका नदीत आत होतं. त्याचं नाव खलाशांना नीट घेता येत नसे. नदीवर मोठा पूल होता, म्हणून सगळे त्याला ‘पुलाचं गाव’ म्हणत. मीही तेच म्हणणार आहे.

समुद्र

पहिले काही दिवस मी समुद्र पाहिलाच नाही, फक्त बादली पाहिली. जहाजाचा स्वयंपाकी, ज्याला तिथे भंडारी म्हणतात, रत्नागिरीकडचा हुसेनमियाँ. तो दारात उभा राहून रोज विचारी, “वहिनी, आज काय उतरलं का पोटात?” शेवटी त्याने कोरडी भाकरी आणि लिंबाचं जुनं लोणचं पाठवलं. ते पोटात राहिलं. पाचव्या की सहाव्या दिवशी मी वर डेकवर आले आणि एकदम हसूच आलं. सगळीकडे निळं, वर निळं, खाली निळं, आणि मधोमध आमचं गंजलेलं घर धूर सोडत चाललेलं. उडणारे मासे पाहिले. टोळधाड उठावी तसे पाण्यातून उठत आणि पुढे जाऊन बुडत.

वसंत मला खाली इंजिनच्या खोलीत घेऊन गेला. लोखंडी जिने उतरत उतरत आम्ही जणू विहिरीच्या तळाशी गेलो. आवाज इतका की बोलायचं ते कानात तोंड घालून. एका बाजूला भिंतभर मोठा विजेचा फलक, त्यावर काटे आणि दिवे. वसंतने त्याच्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

“हे बंद पडलं तर?” मी कानात ओरडले.

“तं जहाज नाही, ओंडका,” तो ओरडला. “इंजिनाले तेल पोचवणारा पंपही विजेवर, सुकाणूही विजेवर.”

मला त्याचं विशेष वाटलं नाही. नागपुरात लाइट गेली की आम्ही कंदील लावतो, शेजारणी ओट्यावर येतात आणि गप्पा रंगतात. माग तर हातापायांनी चालतो, त्याला कशाचीच पर्वा नाही. लाइट जाणं म्हणजे मला सुट्टीच वाटायची.

नदी

गोण्या एका मोठ्या बंदरात उतरल्या आणि रिकामं जहाज पुलाच्या गावाकडे निघालं. नदीच्या मुखाशी सकाळी एक लहान होडी आली आणि तिच्यातून नदीचा पायलट चढला, म्हणजे वाट दाखवणारा. आमच्यापेक्षा पंधरावीस वर्षांनी मोठा असेल, पण अंगावर खाकी हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखा दिसत होता. मला हसू दाबायला पदर लागला.

त्या देशात बाहेरची फळं उतरवू देत नाहीत, बंदरात अधिकारी येऊन जप्त करतात, असं कळलं होतं. मोठ्या बंदरात आमची पेटी कोणाच्या नजरेला पडली नव्हती, आणि तिच्यात शेवटची संत्री उरली होती. कॅप्टनसाहेबांनी हुकूम सोडला, “किनारा लागण्याआधी पेटी रिकामी!” जहाज नदीत शिरत होतं, आणि सारंगापासून, म्हणजे खलाशांच्या मुकादमापासून, पायलटापर्यंत प्रत्येक माणूस संत्रं सोलत होता. पायलटाने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि विचारलं, “कुठलं?” मी छाती काढून सांगितलं, “नागपूर.” नरखेड म्हटलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं. वडील ऐकत नव्हते हे बरं.

डिसेंबरातलं ऊन होतं, पण तिथे तो भर उन्हाळा. हवा कोरडी, झळा लागणाऱ्या. दोन्ही काठांवर पिवळं गवत आणि मधूनमधून धुळकट झाडं. मला थेट काटोल रोड आठवला. सात समुद्र ओलांडून मी पुन्हा नागपूरच्या मे महिन्यात आले होते. मला भारी आनंद झाला.

सुकाणूच्या खोलीबाहेर एक उघडा सज्जा असतो. कॅप्टनसाहेबांनी मला तिथे उभं राहू दिलं होतं. एका वळणानंतर पूल दिसला. लांब, उंच, दगडी खांबांवर लोखंडी कमानी, आणि वरून खेळण्यांसारख्या मोटारी जात होत्या. दोन मधल्या खांबांमधून आम्हाला जायचं होतं. खांबांच्या पायथ्याशी जाड लाकडी खुंटांचं कुंपण होतं.

तेवढ्यात काहीतरी थांबलं.

काय थांबलं ते क्षणभर कळलंच नाही. इतके आठवडे पायाखाली, उशीखाली, जेवणाच्या ताटाखाली चाललेली ती घरघर नाहीशी झाली होती. पंखे थांबले. आतला कुठलासा दिवा विझला. पाण्याची चुळुक ऐकू यायला लागली, काठावरच्या पक्ष्यांचा आवाज यायला लागला. आणि जहाज मात्र चाललंच होतं, पुलाकडे.

सुकाणूवरचा माणूस म्हणाला, “सुकान नहीं लगता, साब.” त्याने चाक पूर्ण फिरवलं होतं. जहाजाचं नाक मात्र हळूहळू मधल्या वाटेवरून सरकून उजवीकडच्या खांबाकडे वळत होतं.

पायलटाच्या हातातलं संत्रं खाली पडलं. तो एकच शब्द ओरडला, “नांगर!” कॅप्टनसाहेबांनी भोंग्याची दोरी ओढली. भोंगा दाबलेल्या हवेवर चालतो, त्याला वीज लागत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की कानाशी हजार हत्ती ओरडतायत. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. पुढे नाकाडावर सारंग आणि त्याची माणसं धावली. घण पडल्याचा आवाज आला आणि साखळी सुटली. तिच्याबरोबर तांबड्या गंजाचा असा लोट उठला की आमचं अर्धं जहाज दिसेना.

मी वर पुलाकडे पाहत होते. एक हिरवी बस चढावरून मध्यापर्यंत आली होती. ती थांबली. तिच्या मागच्या मोटारी थांबल्या. मग ती बस उलटी जायला लागली. मोटारी मागे सरत होत्या, बस मागे सरत होती, आणि भोंगा चालूच. बसच्या खिडक्यांतून लहान लहान टोप्या दिसत होत्या. कुठल्या तरी सहलीची मुलं होती.

मला वसंतची आठवण झाली ती तेव्हा. तो खाली होता, त्या विहिरीच्या तळाशी, आणि तिथे आता मिट्ट काळोख. मला देवाचं नाव आठवेना. मी कठडा धरून नुसतं “लाव गा, लाव गा दिवा,” असं पुटपुटत राहिले. नवऱ्याला मी कधी असं एकेरी ‘गा’ म्हणत नाही.

धुराड्यामागच्या खोलीत काहीतरी खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं आणि धडधडायला लागलं. ते संकटात लागणारं छोटं जनरेटर होतं. सुकाणूवरचा माणूस ओरडला, “लग गया साब! सुकान लग गया!” दुसरा नांगरही पडला. जहाज थरथरलं, भांडी पडल्याचा आवाज आला, नाक डावीकडे वळायला लागलं. हळू, फार हळू. तरीही कडाड् असा मोठा आवाज झाला. नाकाने लाकडी कुंपणाला धक्का दिला होता. दोन खुंट काडीसारखे मोडले, पाण्यावरचे पक्षी उठले, आणि आम्ही थांबलो. दगडी खांब इतका जवळ होता की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं.

खालचा फोन वाजला. हाही विजेशिवाय चालणारा. खालून कोणी विचारलं, “ब्रिज ठीक आहे का?” जहाजावर सुकाणूच्या खोलीलाही ब्रिजच म्हणतात. कॅप्टनसाहेबांनी एकदा खोलीत पाहिलं, एकदा बाहेर पाहिलं आणि ढोलासारख्या आवाजात म्हणाले, “दोनों ठीक हैं!”

वसंत वर आला तेव्हा डोळ्यांचं पांढरं सोडून सगळा काळा होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, “तू रडून राहिली का?” मी म्हटलं, “नाही. गंज गेला डोळ्यात.” खरं म्हणजे दोन्ही होतं.

पुलाचं गाव

टगबोटींनी आम्हाला ओढून धक्क्याला लावलं. धक्क्यावर अधिकारी वाट पाहत होते. संत्र्याच्या पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते आले होते चौकशीला. पुढचे दिवस वसंत, चीफ इंजिनिअर आणि कॅप्टनसाहेब आळीपाळीने त्यांच्यासमोर बसले. एक जनरेटर बंद पडलं, ते समजलं. पण सगळा भार दुसऱ्यावर आला तेव्हा तेही काहून पडलं, हाच प्रश्न ते वसंतला फिरवून फिरवून विचारत होते. तो जेवायला यायचा आणि ताटात बोट फिरवत बसायचा.

“माझ्यावर आलं तं पुन्हा जहाजावर घेणार नाहीत,” तो म्हणाला.

“तं मागावर बसा,” मी म्हटलं.

“बाबांसारखं लुगडं मले दहा जन्मात जमनार नाही,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

अशात एका दुपारी हिरवी बस धक्क्यावर येऊन उभी राहिली. तीच बस. तिच्यातून एक दणकट बाई उतरली, उन्हाने लाल झालेली, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. ती शिडीवरून अशी चढून आली की मला माझी चप्पल आठवून लाज वाटली. वर येताच तिने विचारलं, “तो भोंगा कुणी वाजवला?”

कॅप्टनसाहेब पुढे झाले. त्यांना वाटलं, आता खरपूस ऐकून घ्यायचं आहे. खरं तर ती त्यासाठीच आली होती, हे तिनेच नंतर सांगितलं. पण ढोलासारख्या आवाजाचा तो म्हातारा मान खाली घालून उभा राहिलेला पाहून तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “जहाज दिसण्याआधी मला भोंगा ऐकू आला. म्हणून मी थांबले. मागे शाळेची पोरं होती.”

तिचं नाव मॉरीन. बस तीच चालवत होती. चढावरची भरलेली बस उलटी नेणारी बाई! मी शाळेतलं इंग्रजी गोळा करून तिला सांगितलं की आमच्याकडे बायका बस चालवत नाहीत. ती म्हणाली, “मग उलटी कोण नेतं?”

त्या दिवशी मी हुसेनमियाँच्या भटारखान्यात शिरले आणि सासूबाईंचा मसाला घालून मटण केलं. हुसेनमियाँने चव घेतली आणि कपाळाचा घाम पुसला. “वहिनी, हा मसाला म्हणायचा की दारूगोळा?” मॉरीनने पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात थांबेना. भाकरीचा तुकडा मोडून रस्सा कसा ओढायचा ते तिला सारंगाने शिकवलं. जाताना तिने डबा भरून नेला, नवऱ्यासाठी. घरी स्वयंपाक तो करतो म्हणे, आणि त्याला वाटतं की आपण तिखट करतो.

दुसऱ्या दिवशी ती अधिकाऱ्यांपुढे गेली आणि भोंग्याचं जे खरं ते सांगून आली. त्याच दिवशी वसंतने जनरेटरच्या इंधनाची गाळणी त्यांच्या टेबलावर ठेवली. आत काळा, चिकट गाळ गच्च बसलेला. टाकीच्या तळाचा गाळ वर आला होता आणि त्याने दोन्ही जनरेटरांचा घसा धरला होता. अधिकाऱ्याने गाळात बोट बुडवलं, वास घेतला, आणि त्यानंतर वसंतला कोणी काही विचारलं नाही. दोष तेलावर आला. जहाज सुटलं. संध्याकाळी सगळ्या खलाशांनी डेकवर पत्र्याचे डबे वाजवून गाणी म्हटली आणि कॅप्टनसाहेब भांगडा नाचले.

गहू भरायला बरेच दिवस लागले. वसंत सगळ्या टाक्या धुऊन घेण्यात गुंतलेला, त्याला गाव पाहायला सवड नव्हती. मी मात्र मॉरीनच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून रोज पुलावरून जात होते. गावात सगळ्यांना मी कोण ते माहीत झालं होतं. दुकानदारीण मला फुकट आइस्क्रीम देई. एका आजोबांनी माझ्या कुंकवाकडे बोट दाखवून विचारलं, “त्या दिवशी लागलं का?” मी म्हटलं, “नाही हो, हे तर लग्नात लागलं.” बसभर हशा पिकला. आपल्याकडे अनोळखी माणसाला ‘कुठले तुम्ही’ विचारतात. तिथे हवेबद्दल बोलतात. पण एकदा हसले की पुढे सगळं सारखंच.

पुलाखालून

निघायच्या सकाळी पुलावर माणसांची रांग होती. गाव आमचा निरोप घ्यायला आलं होतं की आम्ही या वेळी नीट जातो की नाही ते पाहायला, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही असेल.

मी सज्ज्यात उभी होते. पूल जवळ आला तेव्हा मागे पावलं वाजली. वसंत! हातात तेलाचा बोळा, पायांत ते जड बूट. चीफ साहेबांनी त्याला फलकापासून हाकलून दिलं होतं. “पाच मिनिटं मी उभा राहतो. तू जा वर, एकदा बघून ये,” असं म्हणाले. इतकी वर्षं तो जगभरच्या पुलांखालून गेला होता, पण बंदरात शिरताना आणि निघताना बत्तीसाहेबाची जागा तळाशी. वरून काय गेलं ते त्याला कधी दिसलंच नव्हतं. हा पूलसुद्धा त्याने धड पाहिला नव्हता.

आम्ही दोघं माना वर करून उभे राहिलो. उन्हातून एकदम सावलीत आलो. कमानीचं लोखंड डोक्यावरून सरकायला लागलं. खिळे, पट्ट्या, पाखरांची घरटी, आणि त्यावर धडधडणारी चाकं. खाली नवे कोरे पिवळे खुंट लागले होते. आमची घरघर पुलाला आपटून दुप्पट होऊन परत येत होती, आणि वसंत ती कान देऊन ऐकत होता. वरून मॉरीनने बसचा हॉर्न दाबून धरला. वसंतने तेलाचा बोळा हलवला.

“बापरे,” तो म्हणाला. “एवढा मोठा होता काय?”

“एवढाच होता,” मी म्हटलं.

तो वर पाहतच राहिला, मग हसायला लागला. इतका हसला की कठडा धरावा लागला, आणि मग मलाही आवरेना. सावली संपली, पुन्हा ऊन आलं, आणि तो फलकाकडे पळाला. जिन्याच्या तोंडाशी थांबून ओरडला, “आईले सांगशील तेव्हा पूल जरा लहान करून सांगजो!”

घरी मी तो लहान करून सांगितला. इथे मात्र होता तेवढाच लिहिला आहे.